राहती बोट आणि उघडी बोट: जुन्या शिडाच्या बोटीच्या दुरुस्तीचा क्रम

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका दांपत्याने सुमारे ४५ वर्षांपूर्वी बांधलेली ३४ फुटी फायबरग्लासची शिडाची बोट विकत घेतली असून गेले पाच महिने ते तिच्यावरच राहत आहेत. दोषांची यादी ७० च्या वर गेली आहे आणि एक काम काढले की त्यातून आणखी तीन निघतात. पावसात झोपण्याच्या जागेवर पाणी ठिबकते, आणि वरच्या खिडकीभोवती तीनदा सीलंट भरूनही ते थांबलेले नाही. बोट वर्षभर पाण्याबाहेर काढून सगळे एकदाच करून घ्यावे, की राहता राहता एकेक काम उरकावे, असे त्यांनी विचारले आहे.

आपण यादी महत्त्वाच्या क्रमाने लावली आहे आणि त्या क्रमात फारशी चूक नाही. तरीही ती आपल्या उपयोगी पडत नाही, याचे कारण वेगळे आहे. घरात एका खोलीचे काम काढले तर दार लावून दुसऱ्या खोलीत झोपता येते. बोटीत ज्या फळीवर आपण झोपता तिच्याखाली पाण्याची टाकी असते, पायऱ्या काढल्याशिवाय इंजिनाला हात लागत नाही, आणि ओट्यामागून ज्या वायर जातात त्यांच्यावरच बिल्जमधले, म्हणजे बोटीच्या तळाच्या खळग्यातले, पाणी उपसणारा पंप चालतो. प्रत्येक काम काहीतरी उघडते, आणि ते किती रात्री उघडे राहणार याची नोंद आपल्या यादीत नाही. माझ्या मते खरी अडचण तीच आहे.

हे मी चूक करून शिकले. पहिल्या बोटीवर शौचालयाची जुनी नळी बदलायला घेतली. तिच्या वाटेतली फळी कुजलेली निघाली म्हणून ती काढली, फळीमागच्या वायर हिरव्या पडलेल्या दिसल्या म्हणून त्याही तोडल्या. तिसऱ्या दिवशी बोटीत शौचालय नव्हते, दिवा नव्हता, आणि पंपाचा फ्लोट स्विच (पाणी चढले की पंप आपोआप सुरू करणारे बटण) नेमका त्याच वायरींवर होता हे पहाटे जमिनीवर पाय टेकल्यावर कळले, कारण पाय पाण्यात पडला. तेव्हापासून मी प्रत्येक कामासमोर दोन आकडे लिहिते: काम किती तासांचे आहे आणि बोट किती रात्री उघडी राहील. शून्य रात्रींची कामे केव्हाही करावीत. एक ते तीन रात्रींचे काम एका वेळी एकच असावे आणि ते चालू असताना दुसऱ्या कशालाही, कितीही मोह झाला तरी, स्क्रूड्रायव्हर लावू नये. वाटेत दिसलेला नवा दोष वहीत लिहावा आणि फळी परत बसवावी. आठवड्याच्या वर जाणाऱ्या कामांसाठी राहण्याची सोय दुसरीकडे करावी लागते, आणि अशी कामे आपल्याला वाटतात त्यापेक्षा पुष्कळ कमी असतात.

पुढचे सगळे मी फायबरग्लासची बोट आणि खारे पाणी धरून लिहीत आहे. लाकडी किंवा पोलादी बोटीचे गणित वेगळे असते. आपल्याला येत्या वर्षात लांबचा प्रवास करायचा आहे की बोट मुख्यतः बांधलेलीच राहणार आहे, आपण दोघे दिवसा नोकरीवर असता का, थंडी किती पडते, यांवरही बरेच अवलंबून आहे. मात्र वर्षभर बोट बाहेर काढण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: कीलचा (तळाखालच्या जड कण्याचा) जोड हललेला असेल किंवा डेकचा (बोटीच्या वरच्या पृष्ठभागाचा) मोठा भाग कुजला असेल तरच तसे करावे. जोशुआ स्लोकमने ‘स्प्रे’ ही जुनी बोट शेतात उभी असताना १३ महिने खपून जवळजवळ नव्याने बांधली आणि मग तीन वर्षांत, १८९८ साली, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, हे उदाहरण अशा वेळी पुष्कळजण देतात. पण स्लोकम मुरलेला खलाशी होता, स्वतः बोटी बांधलेला होता, आणि त्याला त्या बोटीतले काय बदलायचे आहे हे आधीपासून ठाऊक होते. आपण बोटीवर पाच महिनेच राहिला आहात. जमिनीवर उभी केलेल्या बोटीत तळातून पाणी येत नाही, ती हलत नाही, तिचा पंप चालत नाही. म्हणजे तिच्या तक्रारी ऐकूच येत नाहीत. बोटीवर राहण्याचा मोठा फायदा हाच की पंप रात्रीत किती वेळा सुरू झाला, नवा वास कोठून आला, कोणते दार आज अचानक घासते आहे, हे आपल्याला आपोआप कळते. ती माहिती जमा होण्याआधी वर्षभराचे काम काढले तर चुकीच्या गोष्टींवर खर्च होतो.

आता क्रमाकडे येते. आधी बोट बुडवू शकणाऱ्या गोष्टी. पाण्याच्या पातळीखाली तळाला जी भोके आहेत ती सगळी या आठवड्यात शोधून त्यांचा नकाशा काढा. प्रत्येक सीकॉक, म्हणजे अशा भोकावरची बंद करता येणारी तोटी, हाताने फिरतो का ते पाहा. न फिरणारा सीकॉक जोर लावून, पाना अडकवून फिरवू नका. तो तुटला तर बंद करायला काहीच उरत नाही. ३८ मिलिमीटरचे भोक पाण्याखाली ६० सेंटिमीटरवर असेल तर त्यातून मिनिटाला १०० लिटरहून अधिक पाणी आत येते, आणि पंपाच्या डब्यावर छापलेली क्षमता उंची व नळी यांमुळे प्रत्यक्षात बरीच कमी भरते. म्हणून प्रत्येक भोकाशेजारी त्या मापाची मऊ लाकडाची गुडदी दोरीने बांधून ठेवा. धातू कोणता आहे हेही पाहायला हवे. साध्या पितळेत ४० टक्क्यांपर्यंत जस्त असू शकते आणि खाऱ्या पाण्यात ते हळूहळू निघून जाते. बाहेरून आकार तसाच राहतो पण आत ठिसूळ, सच्छिद्र तांबे उरते. पृष्ठभाग थोडा खरवडल्यावर पिवळ्याऐवजी गुलाबी रंग दिसला तर तो सीकॉक बदलण्याच्या यादीत गेला असे समजावे. बदलताना ब्राँझ, जस्त न सोडणारे खास पितळ किंवा सागरी वापरासाठीचे काचतंतूयुक्त प्लास्टिक, यांपैकी काहीही चालते. हे काम बोट बाहेर काढल्यावरचे आहे. तोवर नळ्या, त्यांवरच्या दुहेरी क्लिपा आणि पंप एवढे पक्के करावे. पंपाची वायर मुख्य स्विचला वळसा घालून, पण स्वतःच्या फ्यूजमधून, थेट बॅटरीकडे न्यावी.

दुसऱ्या क्रमांकावर आग. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर तो खिडकीतून न जाता बिल्जमध्ये साचतो. सिलिंडरची पेटी आतून पूर्ण बंद आणि तळाशी बाहेर उघडणारी असावी; जोडांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत; गॅसचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा, असे दोन्ही अलार्म असावेत. विजेच्या बाबतीत जुन्या बोटीत वायरपेक्षा जोड अधिक घातक असतात. गंजलेल्या जोडात ०.१ ओहमचा विरोध असला आणि त्यातून १० अँपिअरचा पंप चालत असला, तर १२ पैकी एक व्होल्ट तेथेच जातो आणि १० वॅट उष्णता त्या एका बिंदूवर तयार होते. हात लावून गरम लागणारा जोड हा दोषच समजावा. नव्या वायर कथिलाचा मुलामा दिलेल्या घ्याव्यात आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज असावा. बाकी वायरिंगचे जंजाळ कितीही कुरूप असले तरी ते एकेक सर्किट घेऊन, वर्षभरात बदलता येते. एका शनिवारी एक सर्किट, असा माझा वेग होता.

आता आपल्या गळतीकडे वळते, कारण माझ्या अनुभवात जुन्या फायबरग्लास बोटीचे भवितव्य कीलपेक्षाही डेकवर अधिक ठरते. आपण खिडकीभोवती तीनदा सीलंट भरले आणि पाणी थांबले नाही, यावरून खिडकी निर्दोष असण्याची शक्यता बरीच आहे. डेक म्हणजे फायबरग्लासच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा लाकूड किंवा प्लायवुड असते, आणि त्याखाली काही अंतरावर छताचे अस्तर. पाणी रेलिंगच्या एखाद्या खांबाच्या बोल्टमधून आत शिरते, अस्तरावरून उतारानुसार वाहते आणि एक-दोन मीटर दूर, जेथे अस्तराला भोक आहे तेथे, म्हणजे बहुधा खिडकीच्या चौकटीपाशी, खाली पडते. म्हणून आधी अस्तर काढा. हे शून्य रात्रींचे काम आहे, कारण अस्तराशिवाय झोपता येते. दिसायला वाईट दिसते एवढेच.

मग कोरड्या दिवशी एकाने विजेरी घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने साध्या नळीने, जोराचा फवारा न मारता, डेकच्या सर्वांत खालच्या बाजूपासून सुरुवात करून एकेका फिटिंगवर (डेकला बोल्टने बसवलेल्या खांब, कडी यांसारख्या वस्तूवर) दहा-दहा मिनिटे पाणी सोडावे. वरून सुरुवात केली तर सगळेच एकदम ओले होते आणि काहीच कळत नाही. याने गळती सापडली नाही तर दुसरा उपाय आहे: सगळी हवेची भोके चिकटपट्टीने बंद करून एका झडपेतून पंख्याने हवा आत भरावी आणि डेकवरच्या प्रत्येक फिटिंगभोवती साबणाचे पाणी लावावे; जेथे बुडबुडे येतात तेथून पाणी आत जाते. डोलकाठीच्या तारा ज्या धातूच्या पट्ट्यांना जोडलेल्या असतात त्या चेनप्लेट मात्र दोन्ही चाचण्यांत निर्दोष ठरू शकतात, कारण त्यांच्याभोवतीची भेग शिडांचा ताण आल्यावरच उघडते. बांधलेल्या बोटीत गळती सापडली नाही आणि शीड उभारून आल्यावर पाणी दिसले, तर प्रथम संशय तेथे घ्यावा.

भोक सापडल्यावर वरून सीलंट फासू नये, आणि सिलिकॉन तर मुळीच नको. सिलिकॉनचा अदृश्य थर पृष्ठभागावर राहतो आणि नंतर त्यावर ना रंग बसत ना इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारी राळ). आधीच्या मालकांनी ते वापरले असेल तर आपले तीन प्रयत्न का फसले याचे उत्तरही त्यात असू शकते. योग्य रीत अशी: फिटिंग पूर्ण काढावे, आणि बोल्ट ८ मिलिमीटरचा असेल तर वरून सुमारे १५ मिलिमीटरचे भोक पाडावे, पण खालचा थर शाबूत ठेवावा. वाकवलेला खिळा ड्रिलला लावून दोन थरांमधले ओले लाकूड सर्व बाजूंनी आणखी सेंटिमीटरभर कोरून काढावे आणि आतील भाग पूर्ण वाळू द्यावा. खालचे भोक चिकटपट्टीने बंद करून प्रथम पातळ इपॉक्सी लाकडाला पाजावे, मग भुकटी घालून दाट केलेले इपॉक्सी भरावे. ते पक्के झाल्यावर त्यातून ८ मिलिमीटरचे भोक पाडावे. आता बोल्टभोवती लाकूड नाहीच, त्यामुळे पुढे सीलंट हरले तरी पाणी सरळ खाली पडेल, डेकच्या पोटात जाणार नाही. भोकाची वरची कड थोडी तिरकी घासून तेथे ब्यूटिल टेपचे, म्हणजे मऊ राहणाऱ्या चिकट रबरी पट्टीचे, कडे बसवावे आणि फिटिंग आवळताना बोल्ट धरून ठेवून फक्त नट फिरवावा, तोही दोन-तीन दिवसांत थोडा थोडा, म्हणजे ब्यूटिलला पसरायला वेळ मिळतो. जे पॉलियुरेथेन सीलंट गोंदासारखे कायमचे चिकटते ते अशा फिटिंगला वापरू नये. पुढच्या वेळी फिटिंग काढताना डेकचा वरचा थरच त्यासोबत निघतो.

एका फिटिंगला दोन संध्याकाळी लागतात आणि मधल्या रात्री भोकावर टेप पुरते. आपल्या बोटीवर अशी तीस-चाळीस फिटिंग असतील. एका वेळी दोन घेतली तर एका हंगामात ती संपतात, आणि माझ्या मते आपण येत्या वर्षात दुसरे काहीही केले नाही तरी एवढे करावे.

त्याआधी डेक किती कुजला आहे हे समजायला हवे. स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने संपूर्ण डेकवर वीतभर अंतराने ठोकत जा. चांगल्या भागातून टणक, चढा आवाज येतो आणि ओल्या किंवा सुटलेल्या भागातून बद्द आवाज. बद्द भागाची कड पेन्सिलने आखा. बशीएवढे डाग फिटिंगभोवती असतील तर वरची पद्धत पुरेशी आहे. डाग एकमेकांना जोडून एक मीटरच्या पुढे गेले असतील आणि चालताना डेक पायाखाली दबत असेल, तर वरचा थर कापून लाकूड बदलावे लागते. भोके पाडून आत इपॉक्सी टोचण्याचा सोपा मार्ग पुष्कळजण सुचवतात. ओल्या लाकडाला इपॉक्सी धरत नाही आणि ते खरोखर वाळले आहे याची खात्री क्वचितच होते, म्हणून मी तो सोडून दिला. जाता जाता एक गोष्ट: लाकूड कुजवण्यात पावसाचे गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा अधिक तरबेज असते, त्यामुळे वादळात भिजलेल्या बोटीपेक्षा वर्षानुवर्षे पावसात बांधून ठेवलेली बोट बरेचदा वाईट निघते.

एवढे शोधूनही काही ओल उरली तर ती गळती नसून आपलाच श्वास असू शकतो. बंद बोटीत दोन माणसे झोपली की पहाटे थंड भिंतीवर पाणी जमते. शिवाय एक किलो गॅस जळला की दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपात बोटीत येते, त्यामुळे गॅसच्या उघड्या ज्योतीवर बोट ऊबदार ठेवण्याचा प्रयत्न केला तर गाद्या खालून ओल्या होतात. पाऊस नसताना ओल दिसली आणि ती गादीखाली किंवा कपाटाच्या आतल्या भिंतीवर असली, तर सीलंटऐवजी गादीखाली जाळीदार फळी व दोन्ही टोकांना हवा खेळण्याची सोय करावी.

डोलकाठीच्या तारांबद्दल थोडक्यात. स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचवणारा थर हवेतल्या ऑक्सिजनवर टिकतो. जेथे धातू ओल्या, बंद फटीत असतो तेथे तो थर जातो आणि आतून भेगा पडतात. म्हणून बाहेर चमकणारी तार फसवी असू शकते. तारेच्या टोकाच्या दाबलेल्या जोडातून एकही धागा तुटलेला दिसला, किंवा त्या जोडावर बारीक चीर दिसली, तर ती तार बदलेपर्यंत शीड उभारू नये. तारांचे वय १० ते १५ वर्षांच्या पुढे असेल किंवा माहीतच नसेल, तर लांबच्या प्रवासाआधी सगळ्या बदलाव्यात. चेनप्लेट एकदा तरी पूर्ण बाहेर काढून, डेकमधून जाणारा भाग पाहावा. एका वेळी एकच काढली आणि तिच्या जागी दोर ताणून ठेवला तर डोलकाठी उभीच राहते.

इंजिन आपल्या यादीत वरच्या पाचांत आहे. ते चालू होते आणि त्याला थंड ठेवणारे पाणी बाहेर फेकते, एवढे आज पुरेसे आहे. इंपेलर (ते पाणी खेचणारे रबरी चाक), तेल, डिझेलचे दोन्ही फिल्टर बदला आणि टाकीच्या तळाचे पाणी काढून टाका, कारण डिझेलमधली चिकट काळी घाण त्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांची असते. पंखा फिरवणारा शाफ्ट तळातून बाहेर जातो तेथल्या ग्लँडमधून, म्हणजे पाणी अडवणाऱ्या जोडातून, तो फिरताना मिनिटाला काही थेंब पडणे हा दोष नाही. थांबल्यावर ते बंद व्हावेत आणि ग्लँड हाताला कोमट लागावी, चटका बसू नये.

कामाच्या पद्धतीबद्दल मात्र मला थोडे आग्रहाने सांगायचे आहे. जेथे जेवता आणि झोपता तेथे फायबरग्लास घासू नये; ती धूळ गादीत शिरली की महिनाभर अंगाला खाज सुटते. तळाच्या रंगाची धूळ तर विषारीच असते आणि ती कोरडी घासूच नये. दोन भागांच्या पॉलियुरेथेन रंगात आयसोसायनेट, म्हणजे श्वासाला घातक रसायने, असतात. तो रंग बोटीच्या आत फवारू नये. पक्क्या झालेल्या इपॉक्सीवर मेणासारखा जो थर येतो तो आधी साध्या पाण्याने व काथ्याने धुवावा, नंतर घासावे. उलट केल्यास मेण आत रगडले जाते आणि पुढचा थर सुटतो. संध्याकाळी ठरावीक वेळी हत्यारे पेटीत गेली पाहिजेत. बोट पूर्ण असो वा नसो, प्रत्येक रात्री एक कोरडी झोपायची जागा, एक पेटणारी शेगडी, चालणारे शौचालय आणि जिवंत पंप एवढे असलेच पाहिजे. आपल्या पत्रात पत्नीच्या वैतागाचा उल्लेख ओझरता आहे. दुरुस्ती अर्धी टाकून बोट विकणारी जी जोडपी मी पाहिली, त्यांतली बहुतेक बोटीच्या दोषांना नव्हे, तर सहा महिने पलंगावर पडलेल्या ड्रिल मशीनला कंटाळली होती.

बोट पाण्याबाहेर काढायची ती दोन-तीन आठवड्यांसाठी, आणि त्या काळात शिडीने चढउतार करत वर राहण्याऐवजी मुक्काम दुसरीकडे ठेवून. सीकॉक, शाफ्टचे रबरी बेअरिंग, सुकाणूतले पाणी, निम्म्याहून अधिक झिजलेली झिंक (बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे तुकडे), आणि कील व तळाचा जोड, एवढ्यासाठीच तो वेळ आहे. या जोडाच्या पुढच्या टोकाला रुंदावत जाणारी भेग किंवा गंजाचा ओघळ दिसला तर तेथे थांबावे आणि बोटींची तपासणी करणाऱ्या सर्वेक्षकाला बोलवावे. तळावर काही फोड दिसले तर घाबरू नये; ते पुष्कळ जुन्या बोटींना असतात, आणि त्यांच्यामुळे बोट बुडाल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

तेव्हा पुढचा क्रम असा धरा: या आठवड्यात भोकांचा नकाशा, गुडद्या आणि पंप, या महिन्यात गॅस व बॅटरीजवळचे फ्यूज, त्याच सुमारास अस्तर उतरवून पाण्याची चाचणी, मग हंगामभर डेकची फिटिंग जोडीजोडीने. यादीतली बाकीची कामे वहीत राहू द्यात. त्यांतली काही वर्षभरात आपोआप निरर्थक ठरतील. डेक ठोकून झाला की पेन्सिलने आखलेल्या भागांची मापे आणि ते कोणत्या फिटिंगभोवती आहेत हे कळवा. एक मीटरच्या वरचा डाग किती ठिकाणी आहे यावरून वरचा थर कापावा लागेल का, आणि ते काम कोरड्या महिन्यांत तंबू घालून पाण्यातच करता येईल का, हे सांगता येईल.